सोलापूरच्या अंगणातली उन्हाळी बाग: माती, पाणी, भाजी आणि फुलं

सोलापुरात उन्हाळी बाग एप्रिलमध्ये लावायला घेतली की हाती निराशाच येते. पारा चाळिशीच्या पुढे जातो, दुपारी मातीचा वरचा थर हाताला चटका देतो, आणि अशा मातीत पडलेलं बी उगवलं तरी दोन पानांवरच करपतं. तेच बी फेब्रुवारीत पडलं तर एप्रिल उजाडेपर्यंत मुळं खोल गेलेली असतात, पानांची सावली स्वतःच्याच बुडाशी पडू लागते आणि रोप झळा सोसतं. म्हणून उन्हाळ्याची खरी कामं १५ जानेवारी ते फेब्रुवारीअखेर उरकायची. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपली की कुदळ बाहेर काढायची, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

जागा ठरवताना मे महिन्यातलं ऊन बघा

जानेवारीत अंगणात दिसणारी सावली मेमध्ये त्याच जागी नसते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे घराची आणि कंपाउंडच्या भिंतीची सावली उत्तरेकडे लांब पडते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात शून्य सावली दिवस येतो. म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि भिंतीची सावली भिंतीच्या पायाशीच संपते. जानेवारीत ‘इथे सावली असते, इथे कोथिंबीर लावू’ असं ठरवलेली जागा मेमध्ये उघडी पडते ती यामुळे. उत्तरमुखी घराच्या अंगणात हिवाळ्यात ऊन कमी आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा भरपूर, असा उलटा प्रकार होतो.

सगळ्यात त्रासदायक ऊन पश्चिमेचं. दुपारी दोननंतरचं तिरकं ऊन, वर गरम वारा, आणि पेव्हर ब्लॉक किंवा सिमेंटची भिंत असेल तर तिने दिवसभर साठवलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत झाडांवर येत राहते. वाफा भिंतीपासून आणि फरशीपासून दीड ते दोन फूट लांब ठेवा. पश्चिमेच्या कडेला मक्याच्या दोन ओळी फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच टोकून टाका, ओळीत एक फूट अंतरावर. मार्चअखेर मका पुरुषभर होतो, वारा अडवतो आणि कणसंही देतो. जागा नसेल तर त्याच बाजूला दोडक्या-कारल्याचा उभा मांडव करा.

शेडनेट लावायचीच असेल तर ३५ टक्क्यांची घ्या. दुकानात बहुधा ५० किंवा ७५ टक्क्यांची पुढे करतात. ती रोपवाटिकेला आणि कोथिंबिरीला ठीक, पण तिच्याखाली भेंडी-गवार नुसती उंच वाढते आणि फुलं कमी धरते. जाळी सात फुटांवर बांधा, खाली हवा खेळली पाहिजे. एका बाजूच्या गाठी सुटत्या ठेवा. वळवाच्या वाऱ्यात ताणून बांधलेली जाळी बांबूसकट उखडते.

माती: वाफसा आला तरच हात लावा

काळी माती पाणी धरते हा तिचा मोठा गुण. दोष दोन: ओली असताना खणली तर ढेकळं होऊन विटेसारखी वाळते, आणि कोरडी पडली की भेगा पडून मुळं तुटतात. म्हणून वाफसा, म्हणजे खणण्याजोगी बेताची ओल, ओळखता आला पाहिजे. वीतभर खोलीवरची मूठभर माती घ्या, दाबून लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. लाडू फुटून भुगा झाला तर वाफसा आहे, खणा. चपटा होऊन तसाच राहिला तर दोन दिवस थांबा. लाडू वळतच नसेल तर आदल्या दिवशी पाणी सोडून मग खणा.

चार फूट रुंद आणि दहा फूट लांब असा एक वाफा हे सोयीचं माप आहे. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो, आत पाय ठेवावा लागत नाही. भिंतीलगत असेल तर रुंदी अडीच फुटांवर आणा. एक फूट खोल खणून आठ-दहा दिवस ऊन खाऊ द्या, हुमणीच्या अळ्या आणि कोष वर येतात, पक्षी टिपतात. मग एका वाफ्यात तीन घमेली म्हणजे साधारण ३० किलो पूर्ण कुजलेलं शेणखत, अर्धा किलो निंबोळी पेंड आणि १५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट मिसळा. शेणखत कुजलेलं आहे का हे वासावरून कळतं. शेणाचा वास येत असेल, हात घातल्यावर आत गरम लागत असेल, तर ते अजून कच्चं आहे. कच्च्या शेणखताने वाळवी आणि हुमणी घरात आणल्यासारखं होतं, शिवाय कोवळी मुळं जळतात.

नव्या वसाहतींतल्या अंगणात वर दिसणारी माती बऱ्याचदा मुरमाचा भराव असते आणि खाली बांधकामाचा राडारोडा. सिमेंट आणि चुन्याचे तुकडे राहिले तर काहीही घातलं तरी झाडं पिवळीच राहतात. दीड फूट खणून तो सगळा काढा आणि तीन भाग माती, एक भाग शेणखत असं भरा. ४ बाय १० फुटांच्या वाफ्याला साधारण अर्धा ब्रास माती लागते. तलावाचा गाळ मिळाला तर चांगलाच, पण ढिगावर पांढरी खपली दिसली तर घेऊ नका. ते क्षार आहेत. काळी माती ‘हलकी’ करायला वाळू मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. थोड्या वाळूने ती आणखी घट्ट बसते. तिला सैल करतं ते शेणखत आणि पालापाचोळा.

आता महत्त्वाचं. उन्हाळ्यात गादीवाफा करू नका. उंच वाफ्याच्या चारही कडा वाऱ्याने सुकतात आणि पाणी बाजूने निघून जातं. वाफा जमिनीपेक्षा दोन-तीन इंच खाली ठेवा, भोवती चार इंचांचा वरंबा घाला. पावसाळ्याआधी हेच उलटं करायचं आहे.

पाणी आधी मोजा, वाफे नंतर

शहरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. त्यामुळे किती लावायचं हे जागेवरून ठरवण्यापेक्षा पाण्यावरून ठरवलेलं बरं. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मे महिन्यात वाढीला लागलेल्या भाजीला रोज सहा ते आठ मिलिमीटर लागतं. ४ बाय १० फुटांचा वाफा जेमतेम पावणेचार चौरस मीटरचा, म्हणजे रोज सुमारे २५ लिटर. आच्छादन असेल तर १८ ते २० लिटरमध्ये भागतं. तीन वाफ्यांना रोज ६० लिटर देण्याची खात्री नसेल तर एकच वाफा करा. अर्धवट पाण्यावरचे तीन वाफे मिळूनही एका नीट वाफ्याइतकी भाजी देत नाहीत.

रोज थोडं शिंपडण्यापेक्षा एक दिवसाआड ४० लिटर सावकाश मुरवा. वरवर शिंपडलं की मुळं वरच्याच दोन इंचांत राहतात आणि तोच थर सगळ्यात जास्त तापतो. बोट दोन इंच खुपसून बघा. आत गार आणि ओलसर लागलं तर आज पाणी नको. दुपारी काकडी-दोडक्याची पानं माना टाकतात, ते पाहून लगेच पाइप घेऊन धावू नका. सूर्य कलल्यावर पानं आपोआप ताठ झाली तर झाड ठीक आहे. सकाळी सातलाही पानं लोंबत असतील तरच ते तहानलेलं समजा.

पाणी सकाळी आठच्या आत द्या. संध्याकाळी द्यायचं तर उन्हात पडलेल्या पाइपमधलं आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आधी बादलीत काढून निववा. पाइपमधलं ते पहिलं उकळतं पाणी कोवळ्या रोपाच्या बुडाशी पडलं की दुसऱ्या दिवशी देठ जमिनीलगत काळा पडून रोप लवंडतं, आणि दोष बुरशीला दिला जातो.

आच्छादनाला सोलापुरात साहित्याची चणचण नाही: उसाचं पाचट, ज्वारीच्या कडब्याचा चुरा, भुईमुगाच्या शेंगांची टरफलं. टरफलं सगळ्यात सोयीची, वाऱ्याने उडत नाहीत आणि हळू कुजतात. थर दोन ते तीन इंच हवा, खोडाभोवती दोन इंच जागा मोकळी. रोपं वीतभर झाली की, म्हणजे मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, आच्छादन पसरा. त्याआधी हलकी खुरपणी करून भेगा बुजवा. भेग राहिली तर दिलेलं पाणी तिच्यातून थेट खाली निघून जातं.

वेलांसाठी मडकं फार उपयोगी. पाच-सहा लिटरचं, रंग न दिलेलं साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, तोंड इंचभर वर ठेवा आणि झाकण घाला, नाहीतर डास होतात. मडक्यापासून सहा ते आठ इंचांवर चारी बाजूंना एकेक वेल. दोन-तीन दिवसांनी भरत राहायचं. जड पाण्यामुळे मडक्याची छिद्रं हळूहळू बुजतात. चार दिवसांनीही पाणी तेवढंच दिसलं तर मडकं काढून काथ्याने घासा, तरीही झिरपत नसेल तर बदला. ठिबक करायचं असेल तर २०० लिटरचा ड्रम तीन फुटांच्या ओट्यावर, तोंडाशी जाळीची गाळणी, १६ मिलिमीटरची नळी आणि उघडता येणारे ड्रिपर. आत बसवलेल्या ड्रिपरची नळी क्षारांनी बुजली की साफ करता येत नाही.

आरओच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी बागेला एकटं देऊ नका, त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. नळाच्या पाण्यात निम्मं मिसळून जास्वंद, कण्हेर अशा झुडपांना चालतं. डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणी मात्र बेलाशक द्या. बोअरच्याच पाण्यावर बाग असेल तर महिन्यातून एकदा नळाचं गोडं पाणी वाफा भरून सोडा, म्हणजे वर साठलेले क्षार खाली जातात.

कोणती भाजी, किती बी

उन्हाळ्यात भरवशाच्या भाज्या म्हणजे भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारली, दुधी, माठ आणि घोळ. टोमॅटो एप्रिल-मेसाठी लावू नका. दिवसा ३८ अंशांच्या पुढे आणि रात्रीही उकाडा असला की परागकण निकामी होतात, फुलं येतात आणि गळतात. त्यावर कुठलंही टॉनिक मारून उपयोग नाही. मिरचीचंही तेच, फक्त ती झाड म्हणून तग धरते आणि पाऊस पडला की पुन्हा फुलते. वांग्याचं जुनं झाड असेल तर मार्चमध्ये दीड फुटावर छाटून ठेवा.

भेंडीचं बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. ओळीत अर्धा फूट, दोन ओळींत एक फूट अंतर. उन्हाळ्यात दाट पेरलेलीच बरी, जमीन लवकर झाकते. इंचभर खोल, एका ठिकाणी दोन बिया, नंतर एक ठेवायची. चार बाय दहाच्या वाफ्याला १० ते १२ ग्रॅम बी पुरतं आणि साधारण ८० झाडं बसतात. एवढ्यात एक दिवसाआड अर्धा किलो निघते, चार माणसांच्या घराला भरपूर. जात घेताना हळद्या, म्हणजे शिरा पिवळ्या करणारा विषाणूरोग, सहन करणारी घ्या. परभणी क्रांती आणि अर्का अनामिका याच कारणाने नावाजल्या, पण आता सगळीकडे त्या तितक्या टिकत नाहीत, तेव्हा पाकिटावर विषाणूबद्दल काय लिहिलंय ते वाचा. ४५ ते ५० दिवसांत तोडणी सुरू होते. फूल गळल्यापासून पाचव्या-सहाव्या दिवशी भेंडी तोडलीच पाहिजे, उन्हाळ्यात एका दिवसात ती जून होते. एखादी जून भेंडी झाडावर विसरली की झाड तिच्या बियांकडे लागतं आणि पुढची फुलं रोडावतात. ओढू नका, कात्रीने कापा.

गवार ही सोलापूरच्या उन्हाला मानवणारी भाजी आहे. कमी पाण्यात जेवढी ती देते तेवढं दुसरं कोणी देत नाही. पुसा नवबहार ही जात न फांदणारी आणि सरळ वाढणारी, म्हणून अरुंद जागेत छान बसते. गवार आणि चवळीला नत्र जास्त घालू नका, नुसता पाला होतो. पेरताना बियांना रायझोबियम या नत्र मिळवून देणाऱ्या जिवाणूंचं पाकीट गुळाच्या पाण्यातून चोळून सावलीत सुकवलं की पुरे.

माठ दर पंधरा दिवसांनी थोडा थोडा पेरा, २५ ते ३० दिवसांत काढायला येतो. बी अगदी बारीक, चारपट कोरड्या वाळूत मिसळून टाका आणि वरून बोटभरही माती घालू नका, फक्त हाताने थापटा. मुंग्या बी वाहून नेतात, वाफ्याच्या कडेने राख टाका. घोळ एकदा आणला की स्वतःच पसरतो. कोथिंबीर मांडवाच्या पूर्वेच्या सावलीत मार्चपर्यंत निघते; एप्रिलनंतर ती चार पानांवरच फुलावर जाते, तो हट्ट सोडून द्यावा.

वेल आणि फळधारणा

घरच्या बागेत सगळ्यात जास्त निराशा वेलांमुळे येते. ‘फुलं भरपूर, पण काकडी धरत नाही’ ही तक्रार दर उन्हाळ्यात असतेच. कारणं बहुतेक वेळा तीनपैकी एक असतात, आणि ती ओळखता येतात.

त्याआधी लागवड अशी करा. काकडी चार-पाच तास, दोडका रात्रभर, कारली पूर्ण २४ तास भिजवा. कारल्याच्या बीचं टोक आधी नखं कापायच्या कात्रीने किंचित कापलं तर उगवण चार दिवस लवकर होते. बी उभं नको, आडवं, इंचभर खोल. दीड-दोन फुटांवर एक वेल. मांडवाला बांबू आणि काथ्याची किंवा सुतळीची जाळी वापरा, लोखंडी जाळी दुपारी इतकी तापते की कोवळे तणावे करपून जातात. जमिनीपासून दीड फुटापर्यंतचे बगलफुटवे काढून टाका, वरचे ठेवा. जाती निवडताना राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या हिमांगी काकडी, हिरकणी कारली, सम्राट दुधी या नावाजलेल्या आहेत.

पहिले आठ-दहा दिवस वेलावर फक्त नर फुलं येतात, तो वेलाचा स्वभावच आहे. नर फुलाचा देठ बारीक आणि सरळ असतो; मादी फुलाच्या मागे इवलीशी काकडी किंवा दोडका आधीच तयार दिसतो. कडक उन्हात आणि नत्र जास्त झाल्यावर नर फुलांचं प्रमाण वाढतं, तेव्हा मार्चनंतर युरिया देऊ नका.

मादी फुलामागचं फळ तीन-चार दिवसांत पिवळं पडून टोकाकडून सुकलं, तर परागीभवन झालेलं नाही. तापलेल्या कॉलनीत मधमाश्या कमीच फिरतात, म्हणून हाताने करा. ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागे वळवून काढा, मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलका फिरवा. बोटाला पिवळी पूड लागली पाहिजे. एका नर फुलात दोन माद्या होतात. वेळ मात्र पाळा: काकडी आणि कारली सकाळी सात ते नऊ, दोडका आणि दुधी संध्याकाळी, कारण त्यांची फुलं दिवेलागणीलाच उमलतात. दोडक्याची फुलं सकाळी हाताळून काही होत नाही, ती तोवर मिटलेली असतात.

फळ मोठं होताना वाकडं झालं, त्यावर बारीक डंख आणि डिंकासारखा थेंब दिसला, तर ती फळमाशी. फळ फोडलं की आत पांढऱ्या अळ्या. हिच्यासाठी क्यू-ल्यूरचा सापळा लागतो. आंब्यासाठी मिळणारा मिथाइल युजेनॉलचा सापळा वेगळ्या माशीचा आहे, तो वेलभाज्यांवर चालत नाही, आणि दुकानात हे दोन्ही सर्रास एकाच नावाने विकले जातात. नाव वाचून घ्या. सापळा नर माशी पकडतो, म्हणून फळं वाचवायची तर धरलेल्या फळाला कागदी पिशवी बांधणंही हवं. किडलेली फळं खतात टाकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवा.

काकडी कडू निघणं हे बहुधा पाण्याच्या अनियमितपणाचं लक्षण असतं. चार दिवस कोरडं, मग एकदम भरपूर, असं झालं की कडवटपणा वाढतो. मडकं पुरलेल्या वेलांना ही अडचण कमी येते.

फुलं

मोगरा हे सोलापूरच्या उन्हाळ्याचं खरं फूल. त्याची तयारी डिसेंबरअखेरीस सुरू होते. १५-२० दिवस पाणी तोडा, पानं गळायला लागली की दीड फुटावर छाटा, उरलेली पानंही ओरबाडून काढा. मग आळं उकरून प्रत्येक झाडाला अर्धं घमेलं शेणखत, एक मूठ निंबोळी पेंड आणि भरपूर पाणी. मार्चपासून कळ्या येतात. पहिला बहर ओसरला की शेंडे दोन इंच खुडा, पुन्हा फुटवे आणि पुन्हा कळ्या. छाटणी केली नाही तर झाड हिरवंगार राहतं आणि फुलं चार. कळ्या जांभळट होऊन आत जाळं दिसलं तर त्या कळ्या तोडून नष्ट करा, ती कळी पोखरणारी अळी आहे.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे मोगरा, गुलाब, जास्वंद तिन्हींवर इथे हमखास दिसतं. आपल्या चुनखडीच्या मातीत लोह असतं पण मुळांना घेता येत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. फरशीवर पडलं तर गंजाचे डाग जात नाहीत, काळजी घ्या.

गुढीपाडव्याच्या तोरणाला घरचा झेंडू हवा तर डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात बी टाका. चार आठवड्यांचं रोप लावा, लावल्यापासून चार आठवड्यांनी शेंडा खुडा, साधारण साठ दिवसांत फूल. एप्रिलनंतर मोठ्या झेंडूची फुलं आकसतात. बुटका मखमली झेंडू तेव्हाही टिकतो. भेंडी-वांग्याच्या कडेने झेंडू लावला की मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींनाही आळा बसतो.

बिनकटकटीच्या फुलांत झिनिया, गॅलार्डिया, कोंबडा, बटणफूल आणि सदाफुली. झिनिया जागेवरच पेरा, ५० दिवसांत फुलते. तिच्या पानांवर पाणी उडवू नका. फाटकाजवळच्या तापलेल्या कडेला, जिथे दुसरं काही जगत नाही, तिथे ऑफिस टाइम या फुलझाडाच्या बोटभर काड्या खोचा, दुसरं काही लागत नाही. निशिगंधाचे कंद मार्च-एप्रिलमध्ये दोन इंच खोल, नऊ-दहा इंचांवर लावले तर फुलं पावसाळ्यात येतात.

अबोलीला दुपारची सावली हवी. तिच्या वाळलेल्या बोंडांवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकन फुटून बी दूर उडतं, म्हणून बी धरायचं असेल तर बोंडं तपकिरी होताच, पाणी घालण्याआधी, कणीस कापून कागदी पिशवीत ठेवा.

कीड ओळखा, मग औषध

कोरड्या उन्हाळ्यात भेंडीचा मोठा शत्रू लाल कोळी. पानं धुरकट, फिकट ठिपक्यांची दिसू लागली की पानाखाली पांढरा कागद धरून पानावर टिचकी मारा. कागदावर पडलेले कण चालू लागले तर तो कोळीच. तीन-चार दिवस सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारला की निम्मं काम होतं. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम चालतं, पण पारा ३५ च्या वर असताना फवारू नका, पानं भाजतात. वेलभाज्यांवर तर उन्हाळ्यात गंधक नकोच.

पांढरी माशी हळद्या पसरवते. शिरा पिवळ्या पडलेलं पहिलं झाड दिसताच उपटा, ते बरं होत नाही. वाफ्याला एक पिवळा चिकट सापळा झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर लावा. मावा, तुडतुडे आणि लहान अळ्यांसाठी ५० ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारा. अर्क त्याच दिवशी संपवा. तुळशीजवळ मात्र काहीच फवारू नका, तिची पानं तोंडात जातात.

जीवामृत करायचं असेल तर २० लिटर पाण्याला एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत, झाकून, दिवसातून दोनदा ढवळत ठेवा. मेच्या उकाड्यात तिसऱ्या दिवशीच तयार होतं, आठवड्याच्या आत संपवा. एक भागाला दहा भाग पाणी, पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या मातीवर.

वळीव आल्यावर

मेअखेर वळवाचा पहिला मोठा पाऊस पडला की जमिनीपेक्षा खाली ठेवलेले वाफे अडचणीचे ठरतात. वरंबा दोन ठिकाणी फोडून पाणी बाहेर काढा, आच्छादन खोडापासून मागे सारा, शेडनेट गुंडाळा. एकदम पाणी मिळालेली काकडी फुटते, तेव्हा पाऊस यायची चिन्हं दिसताच तोडणीयोग्य फळं काढून घ्या. टोमॅटो-वांग्याची रोपं टाकायची वेळही हीच, शेडनेटच्या तुकड्याखाली.

बी धरायचं तर आत्ताच झाडं निवडा: हळद्या न लागलेली, लवकर फुललेली दोन-तीन भेंडीची झाडं, खूण म्हणून दोरा बांधून. त्यांच्या मधल्या चार-पाच भेंड्या तोडू नका. त्या तपकिरी होऊन शिरांवर उकलू लागल्या की मृगाचा पाऊस लागण्याआधी काढा, सावलीत आठवडाभर वाळवा आणि कडुनिंबाची सुकी पानं घालून काचेच्या बरणीत भरा. संकरित जातीचं बी मात्र धरू नका, पुढच्या वर्षी त्याची भेंडी सारखी निघत नाही.